एका पेनल्टीचे चार मालक

मोठे साहेब रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत शिरले, तेव्हा शेडमास्तर खिडकीपाशी उभे राहून दोन पांढऱ्या पट्ट्या उजेडात धरून बघत होते. दोन्ही पट्ट्या पांढऱ्याच होत्या. दुसऱ्या कुणीही त्या एकाच डब्यातल्या समजून सोडून दिल्या असत्या. पण मास्तरांनी एक बाजूला केली आणि म्हणाले, "ही जरा पिवळी मारतेय. परत पाठवा."

बावीस वर्षं ते हेच काम करत होते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डब्याचा रंग नमुन्याशी जुळतोय की नाही, हे मास्तर सांगायचे आणि त्यांच्या शब्दावर अपील नसायचं. माणसांच्या बाबतीत मात्र गाडी नेमकी उलटी चालायची. समोरच्याने काही मागितलं की मास्तरांच्या तोंडून आपोआप 'हो' निघून जायचं. मग ते 'हो' निस्तरण्यात त्यांचा आठवडा जायचा. या स्वभावामुळे त्यांचं कुणाशीच वाकडं नव्हतं. म्हणूनच शेजारच्या बिस्किटांच्या कारखान्याशी होणाऱ्या वार्षिक फुटबॉल सामन्यासाठी उत्पादनवाले आणि ऑफिसवाले कॅप्टनपदावरून हमरीतुमरीवर आले, तेव्हा दोघांनाही चालेल असं एकच नाव निघालं. मास्तरांना विचारलं. मास्तर अर्थातच 'हो' म्हणाले.

साहेबांनी दार लोटून घेतलं.

"मास्तर, कॅप्टन तुम्ही. तुमच्या कामात मी लुडबुड करणार नाही. पण समजा, नुसतं समजा हं, आपल्याला पेनल्टी मिळाली..."

"तर तुम्हीच मारायची, साहेब," मास्तर म्हणाले.

"तसं नव्हे, तुम्हाला योग्य वाटेल त्याने..."

"छे छे, तुम्हीच."

साहेब खुर्चीवर टेकले. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. "तीस वर्षं खेळतोय मी या सामन्यात," ते हळू आवाजात म्हणाले. "सगळे मला चेंडू देतात. मान म्हणून देतात, आणि मग मान म्हणूनच परत मागून घेतात. नातीला सांगून बसलोय, आजोबा या वेळी गोल मारणार. पेनल्टीला कसं, मध्ये कुणी येत नाही."

मास्तरांना खरोखर गहिवरून आलं. त्यांनी शब्द दिला.

दुपारी केमिस्ट बाई आल्या. बाई कॉलेजात असताना खऱ्याखुऱ्या संघातून खेळलेल्या. त्या येताना एक वहीच घेऊन आल्या. बिस्किटवाल्यांचा गोलकीपर म्हणजे त्यांच्या भट्टीवर काम करणारा, दारातून आडवं होऊन आत यावं लागेल असा धिप्पाड गडी. त्याचे जुने सामने बाईंनी मोबाईलवर बघून काढले होते.

"मास्तर, हा माणूस दर वेळी स्वतःच्या उजवीकडेच झेप घेतो. नऊपैकी नऊ वेळा. म्हणजे पेनल्टी मिळाली तर गोल आत्ताच झाल्यात जमा आहे. फक्त ती मी मारायला हवी. बाकीच्यांना ऐन वेळी डावं-उजवं कळायचं नाही."

यात हरकत घेण्यासारखं काहीच नव्हतं. मास्तर म्हणाले, "अगदी बरोबर आहे."

"मग ठरलं?"

"ठरलं."

संध्याकाळी गेटपाशी फोर्कलिफ्टवाला आडवा आला. सहा वर्षांपूर्वी रंगवाल्यांना या सामन्यातली एकमेव पेनल्टी मिळाली होती आणि ती यानेच मारली होती. चेंडू गोलवरून गेला, भिंतीवरून गेला, पलीकडे उभ्या असलेल्या बिस्किटांच्या ट्रकमध्ये पडला आणि ट्रकबरोबर दुसऱ्या गावाला गेला. तेव्हापासून कारखान्यात कुणाचं काही हरवलं की लोक म्हणायचे, "ट्रकमध्ये बघा."

"मास्तर, सहा वर्षं ऐकतोय मी," तो म्हणाला. "परवा घरी चष्मा सापडेना, तर सख्खी आई म्हणाली ट्रकमध्ये बघ. एकदा, फक्त एकदा मला द्या. हा डाग पुसून टाकतो." आणि एवढा दणकट माणूस, पण त्याचा आवाज कापला.

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर हात ठेवल्यावर 'हो' म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

घरी जेवायला बसल्यावर बायकोने पोळी वाढता वाढता विषय काढला. "कॅप्टन झालात म्हणे. मला धाकट्याने सांगितलं, तुम्ही नाही."

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. तो मास्तरांच्याच कारखान्यात माल पाठवणीच्या खात्यात होता आणि संघातला सगळ्यात चांगला खेळाडूही तोच होता.

"बाबा येणार आहेत सामना बघायला," बायको पुढे म्हणाली. "धाकट्याला ते सारखे बोलतात, नुसता चेंडूमागे धावतोस, तिशी आली. एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत त्याने गोल मारला ना, तर त्यांचं तोंड बंद होईल. पेनल्टी मिळाली तर त्यालाच द्याल ना?"

मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. पाणी पिऊन ते म्हणाले, "हो."

हात धुताना त्यांनी मनाशी हिशोब मांडला. साहेब, बाई, फोर्कलिफ्टवाला, मेहुणा. एक पेनल्टी आणि चार जण. पण पेनल्टी आहे कुठे? सहा वर्षांत एक मिळाली. म्हणजे पुढची मिळेपर्यंत आणखी सहा वर्षं तरी जातील. तोवर साहेब निवृत्त झालेले असतील, फोर्कलिफ्टवाल्याचं दुखणं बरं झालेलं असेल. चार माणसं चार दिवस आनंदात राहिली तर त्यात कुणाचं काय बिघडलं? या विचाराने त्यांना चांगली झोप लागली.

सामना रविवारी सकाळी दोन कारखान्यांच्या मधल्या मैदानावर होता. रंगवाले गेली अकरा वर्षं हरत आले होते. तरीही दोन्हीकडची माणसं घरच्यांना घेऊन हजर होती. मास्तरांचे सासरे घरून घडीची खुर्ची घेऊन आले होते आणि ती मधल्या रेषेला अगदी खेटून मांडून बसले होते. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण हवापाण्यापलीकडे ते जावयाशी कधी बोलले नव्हते. आजही त्यांनी वर बघितलं, "ऊन आहे," म्हणाले आणि तोंड फिरवलं.

पंच म्हणून एक निवृत्त वाहतूक पोलीस होते. शिट्टी वाजवण्याचा त्यांचा अनुभव पस्तीस वर्षांचा. त्यांनी दोन्ही कॅप्टनना मध्ये बोलावलं. "माझ्या निर्णयाबद्दल माझ्याशी फक्त कॅप्टनने बोलायचं. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं की पिवळं कार्ड. आणि कॅप्टनने बोलायचं तेही एकदाच, थोडक्यात."

बिस्किटवाल्यांचा कॅप्टन त्यांच्या पॅकिंग खात्याचा मुकादम होता. संशयी माणूस. मास्तरांशी हात मिळवतानाही त्याने आधी त्यांचा तळहात बघून घेतला.

मास्तर डावीकडच्या बचावाला उभे राहायचे. तिथे त्यांचं काम म्हणजे कुणाच्या वाटेत न येणं. ते त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात चोख केलं. इतकं चोख की बिस्किटवाल्यांचा गोल त्यांच्याच बाजूने आला. मग बिस्किटवाल्यांच्या एका बचावपटूच्या डोक्याला लागून चेंडू त्यांच्याच जाळ्यात गेला आणि एक-एक अशी बरोबरी झाली. अकरा वर्षांत रंगवाले इतका वेळ हरायचे राहिले नव्हते. लोक उठून उभे राहिले.

आणि इथून मास्तरांना घाम फुटायला लागला. कारण धाकटा आता सारखा चेंडू घेऊन बिस्किटवाल्यांच्या गोलसमोर घुसत होता. तो घुसला की त्याला पाडायला तिघे धावायचे. ते धावले की मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून मास्तरांचा आवाज यायचा, "पडू नकोस! पाय सांभाळ! लांबून मार, लांबून!"

"भावोजी, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?" धाकट्याने एकदा थांबून विचारलंसुद्धा.

शेवटची पाच मिनिटं राहिली. धाकट्याने एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, तिसऱ्याने पाय घातला. धाकटा आडवा झाला. पंचांनी शिट्टी फुंकली, डावा हात वाहनं अडवावीत तसा वर केला आणि उजव्या हाताने पेनल्टीचा ठिपका दाखवला.

रंगवाल्यांच्या बाजूला एकच जल्लोष झाला. त्या जल्लोषात एक माणूस मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत निघाला. मास्तर एवढ्या वेगाने पळताना आजवर कुणी पाहिले नव्हते.

"पंचसाहेब," पंचांपाशी पोचून ते धापा टाकत म्हणाले, "एक विनंती आहे."

"बोला. थोडक्यात."

"ही पेनल्टी नाहीये."

पंचांनी शिट्टी तोंडातून काढली. "तुम्ही बिस्किटवाले का?"

"नाही, मी रंगवाला. पण मला वाटतं, तो आपला आपणच पडला. लहानपणापासून धडपडतो तो. घरचाच आहे माझ्या."

धाकटा बसल्या बसल्या ओरडला, "भावोजी!" आणि त्याने नडगी वर करून दाखवली. तिच्यावर बुटाच्या तळाचा अख्खा ठसा उमटला होता.

"हे जुनं असेल," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले.

आता खरं तर हे ऐकून बिस्किटवाल्या मुकादमाने मास्तरांना मिठीच मारायला हवी होती. पण पंचांनी पस्तीस वर्षं शिट्टी वाजवून कधी न पाहिलेली गोष्ट घडली. मुकादमाचे डोळे बारीक झाले. समोरचा कॅप्टन स्वतःला मिळालेली पेनल्टी परत करतोय, ती काही उगाच नव्हे. यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे.

"थांबा, थांबा," तो मध्ये पडला. "पेनल्टी कशी नाही? आमच्याच माणसाने पाडलंय त्याला. मी डोळ्यांनी बघितलं."

"तुम्ही कशाला आग्रह करताय?" मास्तर काकुळतीला आले.

"तुम्ही कशाला नको म्हणताय ते आधी सांगा!"

"अहो, मी प्रामाणिकपणे..."

"मग आम्ही काय बेईमान आहोत? ए, इकडे ये रे. तू पाय घातलास ना?" मुकादमाने आपल्या बचावपटूला पुढे ओढलं. तो बिचारा कधी कॅप्टनकडे तर कधी पंचांकडे बघत म्हणाला, "थोडासा."

"थोडासा नाही, चांगला घातलास! सांग पंचांना."

पंचांनी दोघांनाही हाताने थोपवलं. "पेनल्टी म्हणजे पेनल्टी. आता मारणार कोण ते बोला."

हाच प्रश्न मास्तर चार दिवस टाळत आले होते. त्यांनी वळून बघितलं. ठिपक्यापाशी चार माणसं आधीच पोचली होती. साहेब नवे बूट जमिनीवर घासून बघत होते. बाई वही उघडून उभ्या होत्या. फोर्कलिफ्टवाल्याने चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. लंगडत आलेला धाकटा तो त्याच्याकडून ओढून घेत होता.

"सोड, मला भावोजींनी शब्द दिलाय."

"तुला? मला दिलाय, गेटपाशी, खांद्यावर हात ठेवून!"

"कसले शब्द घेऊन बसलात?" बाई म्हणाल्या. "माझं बुधवारीच ठरलंय त्यांच्याशी."

साहेब खाकरले. "गैरसमज होतोय तुम्हा सगळ्यांचा. मास्तर, तुम्हीच सांगा यांना."

चारही चेहरे मास्तरांकडे वळले. मग मैदानावरचे वळले, मग मैदानाबाहेरचे. साहेबांची नात रेषेवर उड्या मारत होती. बायको हाताची घडी घालून उभी होती. एवढ्या लांबूनही मास्तरांना तिच्या भुवया दिसल्या.

"एक मिनिट देतो," पंच म्हणाले. "नाही ठरलं तर कॅप्टनला पिवळं कार्ड. आणखी एक मिनिट गेलं तर दुसरं पिवळं, म्हणजे लाल. मैदानाबाहेर."

क्षणभर मास्तरांच्या मनात आशेचा किरण चमकला. दोनच मिनिटं गप्प उभं राहायचं होतं, मग सुटका! पण तेवढ्यात साहेबांनी हळूच विचारलं, "मास्तर, मला म्हणालात ते खरं की यांना म्हणालात ते?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"सगळ्यांना म्हणालो ते खरं," मास्तर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "म्हणजे तेव्हा तेव्हा खरं होतं. चौघांनाही मी हो म्हणालो. मला वाटलं, पेनल्टी मिळणारच नाही."

पलीकडून भट्टीवाला गोलकीपर विचारत होता, "कुणी येतंय का? का मी पाणी पिऊन येऊ?"

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. "आता एकाला दिली तर तिघांना फसवल्यासारखं होईल. म्हणून कुणालाच नाही. मी मारतो."

"तुम्ही?" चौघे एका सुरात ओरडले. आठवडाभरात प्रथमच त्यांचं एकमत झालं होतं.

मास्तरांनी चेंडू ठिपक्यावर ठेवला, सरळ दिसावा म्हणून जरा फिरवला, पुन्हा फिरवला. बावीस वर्षं या संघात असून त्यांनी गोलच्या दिशेने कधी पाय उचलला नव्हता. ते पाच पावलं मागे गेले, पाच पावलं पुढे आले आणि त्यांनी चेंडूला पाय लावला. चेंडू अगदी मधोमध, सावकाश, गवत न दुखवता घरंगळत गेला. काय चाललंय हे न कळल्यामुळे भट्टीवाला जागचा हललाच नव्हता. चेंडू त्याच्या पायाशी जाऊन थांबला. त्याने वाकून उचलला आणि शिष्टाचार म्हणून "थँक यू" म्हणाला.

"मास्तर," बाईंनी विचारलं, "किक मारलीत की चेंडू परत केलात?"

पुढची चार मिनिटं मास्तर कुठे बघत होते ते त्यांनाही आठवत नाही. शिट्टी वाजली. एक-एक. नियमाप्रमाणे आता दोन्ही संघांना पाच-पाच पेनल्टी मिळणार होत्या.

पंचांनी मास्तरांच्या हातात कागद आणि पेन्सिल दिली. "पाच नावं लिहा. क्रमाने."

पाच! मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी चौघांना शब्द दिला होता, इथे तर पाच जागा होत्या. सगळ्यांचाच शब्द पाळला जाणार होता. ते जवळजवळ नाचतच आपल्या माणसांकडे गेले. "साहेब, चला! पहिली तुमची!"

साहेबांनी गुडघा चोळला. "त्याचं काय आहे मास्तर, मघापासून हा जरा धरलाय. तरुणांना पुढे करू या. मी उगाच हट्ट करण्यात अर्थ नाही."

"बाई?"

"माझं गणित बसत नाहीये आता," बाईंनी वही मिटली. "तो उजवीकडे झेपावतो असं मी धरून चालले होते. तुमच्या वेळी तो मधेच उभा राहिला. नवी माहिती आल्यावर अंदाज बदलावा लागतो."

फोर्कलिफ्टवाल्याने भिंतीकडे बघितलं. पलीकडे एक ट्रक उभा होता. "माझं नाव पाचवं घाला, मास्तर. त्याआधीच निकाल लागला तर प्रश्नच मिटला."

धाकट्याने मुकाट्याने नडगी पुढे केली. त्याच्या मागे, रेषेजवळ, सासरे खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

मास्तर कागद हातात धरून चौघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मघाशी हेच चौघे एका चेंडूसाठी एकमेकांशी भांडत होते. आयुष्यभर त्यांनी माणसं 'द्या' म्हणताना ऐकली होती. 'नको' म्हणताना ही माणसं त्यांना पहिल्यांदाच दिसली, आणि ती त्यांना अगदी आपल्यासारखी वाटली.

"नाही," मास्तर म्हणाले.

हा शब्द ऐकून सगळ्यात जास्त दचकले ते स्वतः मास्तरच.

"नाही म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"नाही म्हणजे नाही, साहेब. तुमची नात तिकडे उभी आहे. गुडघा उद्या दुखू दे. बाई, नऊ वेळा तो उजवीकडे गेला, एकदा माझ्यामुळे गोंधळला. मला तुमच्या गणितात धरूच नका. आणि तू रे, सहा वर्षं ऐकतोयस ना? आणखी सहा ऐकायचंय? मग चौथा नंबर. धाकट्या, तुझी नडगी दुखतेय हे मला दिसतंय, पण तुझ्या ताईला मी काय तोंड दाखवू? तू दुसरा. पाचवा..." पेन्सिल घुटमळली. रंगवाल्यांचे गोलकीपर, म्हणजे कारखान्याचे पहारेकरी काका, मान हलवत मागे सरकले. बाकीच्यांना एकदम आपल्या बुटांच्या नाड्या सुटल्याचं लक्षात आलं. मास्तरांनी पाचव्या जागी स्वतःचं नाव लिहिलं.

नाणेफेक मास्तरांनी जिंकली. "आधी की नंतर?" पंचांनी विचारलं. एरवी त्यांनी मुकादमालाच विचारलं असतं, तुम्हाला काय बरं पडेल म्हणून. आज ते म्हणाले, "नंतर." मुकादमाने लगेच संशयाने आभाळाकडे बघितलं, ऊन कुठून येतंय ते.

बिस्किटवाल्यांची पहिली आत गेली. साहेब पुढे आले, धावले, चेंडू भट्टीवाल्याच्या गुडघ्यावर आपटला आणि उलटा फिरून जाळ्यात गेला. नातीची किंकाळी दोन्ही कारखान्यांत ऐकू आली. साहेब डोळे पुसायला म्हणून चष्मा काढू लागले आणि मग लक्षात आलं की त्यांनी आज चष्मा घातलेलाच नाही. बिस्किटवाल्यांची दुसरीही आत गेली. धाकट्याने मात्र, ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त होती त्याने, एकदा वडिलांकडे बघितलं आणि चेंडू गोलवरून भिरकावून दिला. बिस्किटवाल्यांची तिसरी पहारेकरी काकांच्या पाठीला लागून बाहेर गेली. काका वळून नाडी बांधत होते. बाईंनी शांतपणे भट्टीवाल्याच्या डाव्या हाताकडचा कोपरा गाठला, तो स्वतःच्या उजवीकडे गेला. "दहापैकी दहा," वहीत टिपत त्या म्हणाल्या. बिस्किटवाल्यांची चौथी आत. फोर्कलिफ्टवाल्याने डोळे घट्ट मिटून चेंडू हाणला, तो खांबावर आदळला आणि आत गेला. डोळे उघडून त्याने आधी ट्रककडे बघितलं, मग जाळ्याकडे, आणि मग तो मैदानात उताणा पडला.

तीन-तीन. बिस्किटवाल्यांची पाचवी मारायला मुकादम स्वतः आला. तो एवढा वेळ विचार करत होता की पहारेकरी काकांचा चेहरा बघून त्याने दिशा तीनदा बदलली आणि चेंडू खांबाबाहेर गेला.

आता फक्त मास्तर उरले.

चौघांनी त्यांना घेरलं. "कोपऱ्यात मारा," साहेब म्हणाले. मास्तर म्हणाले, "हो." धाकटा म्हणाला, "जोरात मारा, भावोजी." "हो." "वर बघू नका," फोर्कलिफ्टवाल्याने बजावलं. "हो, हो." बाई म्हणाल्या, "काहीही करा, फक्त मघासारखी मारू नका." मास्तर म्हणाले, "बरं."

पाच पावलं मागे. पाच पावलं पुढे. मास्तरांनी मनात कोपरा ठरवला होता, जोरही ठरवला होता. पण पायाने काही ऐकलं नाही. चेंडू मधोमध, सावकाश, गवत न दुखवता निघाला. भट्टीवाल्याने मघाची ती केविलवाणी किक पाहिली होती. जगातला कुठलाही माणूस ती पुन्हा मारणार नाही याची त्याला खात्री होती. त्याने उजवीकडे सगळं अंग झोकून दिलं होतं. तिथे जमिनीवर पडल्या पडल्या त्याने चेंडूला आपल्या पायांपलीकडून जाताना पाहिलं. चेंडूला घाई नव्हती. रेषेपाशी येऊन तो जवळजवळ थांबला, मग जरासा कलला आणि पलीकडे गेला.

बारा वर्षांत पहिल्यांदा रंगवाले जिंकले. मास्तरांना खांद्यावर घेऊन लोकांनी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीपर्यंत साहेब जमलेल्या लोकांना समजावून सांगायला लागले होते की पहिली पेनल्टी मास्तरांनी मुद्दाम वाया घालवली, गोलकीपरला गाफील ठेवायला. "बाकीचे आम्ही नुसते पाय चालवत होतो. डोकं एकट्या मास्तरांचं." मुकादम डोकं धरून बसला होता. "मी तेव्हाच ओळखलं होतं," तो आपल्या माणसांना सांगत होता, "म्हणून तर विरोध केला. पण या माणसाने विरोधसुद्धा हिशोबात धरला होता!"

"अहो, तसं काही नाही," मास्तर वरून ओरडून सांगत होते. कुणी ऐकत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी पाय कोमट पाण्यात सोडले. बायको समोर स्टुलावर येऊन बसली.

"खरं सांगा. पहिली मुद्दाम चुकवलीत?"

"नाही गं. मला तेवढी एकच किक येते."

तिने दोन क्षण त्यांच्याकडे बघितलं आणि मग ती हसायला लागली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मास्तरही हसले. मग ती एकदम गंभीर झाली.

"हे बाबांच्या कानावर जाता कामा नये. अठरा वर्षांत पहिल्यांदा ते तुमच्याबद्दल बोललेत. म्हणाले, जावई दिसतो साधा, पण फार खोल आहे."

"पण हे खोटं आहे."

"असू दे. धाकट्याने चेंडू आभाळात घालवला तरी आज त्याला एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, तोही डावाचाच भाग असणार."

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दारात सासरे उभे होते. बाहीची घडी कोपरापर्यंत घातलेली, काखेत धाकट्याचा चेंडू. ते दोन वेळा खाकरले. हवेबद्दल काहीही न बोलता म्हणाले, "जावईबापू, काम नसेल तर जरा खाली येता का? ती किक मला एकदा दाखवा."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली.

इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन कुंड्यांचा गोल झाला. अजून उजेड होता. मास्तर पाच पावलं मागे गेले, पाच पावलं पुढे आले आणि चेंडू नेहमीसारखा घरंगळत कुंड्यांमधून गेला. सासऱ्यांनी कमरेवर हात ठेवून बारकाईने पाहिलं. मग त्यांनी चेंडू ठेवला. पाच पावलं मागे, पाच पुढे, आणि सत्तरीच्या त्या माणसाने असा सणसणीत फटका हाणला की चेंडू दोन्ही कुंड्यांच्या मधून, जमिनीला न टेकता, मागच्या भिंतीवर दणदिशी आदळला आणि परत त्यांच्या पायाशी आला.

सासऱ्यांचा चेहरा पडला. "चुकलं," ते म्हणाले. "तुमच्यासारखी हळू जातच नाही हो."

मास्तरांनी चेंडू उचलला, पंजाने त्यावरची माती झटकली आणि त्यांच्यासमोर नीट ठेवून दिला.

"जाईल, बाबा," ते म्हणाले. "सरावाने जाईल."